हवेचं भाडं

हवाई मालवाहतूक कुठल्या प्रदेशात किती कार्यक्षम आहे, हे मोजतात म्हणे. शेंदूरजनाघाटात आम्हाला बरं वाटलं. मोजायला का होईना, कोणी इकडे येईल. पण जागतिक बँकेनं २०२३ साली एकूणच मालवाहतुकीत १३९ देशांत भारताला ३८वा नंबर दिला, तो घरबसल्याच. केंद्राचं वाणिज्य खातं २०१८पासून याच विषयात राज्यांची परीक्षा घेतं. त्यात अख्ख्या महाराष्ट्राला मिळून एकच शेरा. मुंबई पास झाली की आमचा वरुड तालुकाही पास. अभ्यास न करता पास होण्याबद्दल तक्रार कशी करावी?

तरी एक आहेच. आमचं गाव संत्र्याच्या कलमांचं. बंगळुरूच्या भाच्यानं बंगल्यामागे लावायला चार कलमा मागितल्या, विमानानंच हव्यात म्हणाला. नागपूरचं विमानतळ शंभरेक किलोमीटर. तिथल्या बुकिंग खिडकीवर खोकं काट्यावर ठेवलं: पाच किलो. मग खिडकीतल्या पोराने टेप काढला. लांबी शंभर सेंटीमीटर, रुंदी तीस, उंची तीस. गुणाकार, भागिले सहा हजार, पंधरा किलो.

"काका, विमानात जागेचं वजन धरतात."

म्हणजे पाच किलो झाडं आणि दहा किलो हवा. नियम जगभर हाच आहे, त्यामुळे रागही जागतिक दर्जाचा आला. कलम आडवी घालून शेंडा दुमडता येईल का, असंही त्यानं आपुलकीनं विचारलं. दुमडलेला शेंडा बंगळुरूला जाऊन सरळ होत नाही, हे त्याच्या टेपवर लिहिलेलं नव्हतं.

अमरावतीजवळ बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ रोजी विमानतळ सुरू झालं, मुंबईला विमान जातं. एटीआर जातीचं, प्रवाशांचं. त्याच्या सामानाच्या कप्प्यात बॅगा बसतात; आंबिया बहाराच्या संत्र्यांचे कॅरेट बसवायचे तर आधी प्रवासी उतरवावे लागतील. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढवायची चर्चा आहे. चर्चेला मात्र धावपट्टी लागत नाही. आमची संत्री बापडी ट्रकनेच बांगलादेशाकडे निघतात, तिथं आयात शुल्क वाढत गेलं तशी बागेतच पडून राहतात.

मोजणारे माल विमानतळावर किती वेळ ताटकळला ते धरतात. तिथं पोचण्याआधीचे तास कोणाच्याच खात्यात नाहीत. साहेबांना विनंती एवढीच, घड्याळ आमच्या बांधावर सुरू करा. यायला बस वरुडहून मिळते. टेप आणू नका.