उत्तरदात्याचे अनावृत पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य,
समाजकार्य पदवी अभ्यासक्रम समिती यांस,

विषय : आम्हांला अभ्यासक्रमात घेतल्याबद्दल आभार, आणि काही किरकोळ विनंत्या.

महोदय,

आपण नवी पदवी आखताय आणि क्षेत्रकार्यासाठी चंदगड तालुक्याचा विचार चाललाय, असं कानावर आलं. बरं वाटलं. आपल्याला लागणारा सगळा माल इथे तयार आहे : धो धो पाऊस, काजू सोलून हात काळे पडलेल्या बायका, कर्नाटकातल्या जंगलातून येऊन भात-ऊस तुडवणारे हत्ती, मुंबईला गेलेल्यांची कुलूपबंद घरं. कोल्हापूर शंभरावर किलोमीटर. बेळगाव हाताशी, पण राज्य दुसरं. उपेक्षित म्हणून आम्ही पहिल्या वर्गात पास आहोत.

वेळापत्रकाचं तेवढं बघा. क्षेत्रकार्य आठवड्याला दोन दिवस, तेही कचेरीच्या वेळेत. तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि कुत्री सापडतात. जुलैत रोपलावण. आपला समुदाय गुडघाभर चिखलात, आणि त्याचं संघटन करायला आलेली पोरं छत्री धरून बांधावर.

मागे एका कॉलेजची अशीच आली होती. गुणी पोरं. देवळापुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढला. विहिरी निळ्या, वाड्या पिवळ्या. मग एका आजीला विचारलं, "घरच्या निर्णयप्रक्रियेत तुमचा सहभाग किती? पूर्ण, अंशतः, की नाही?" आजी म्हणाली, "बाळा, आधी च्या घे." पोरांनी 'अंशतः' लिहिलं. अहवाल जाडजूड झाला म्हणे, मार्कही भरपूर पडले. त्यात आमच्याबद्दल काय लिहिलंय, देव जाणे. तो इकडे फिरकलाच नाही.

आपला इतिहास आपल्याला सांगावा, एवढा आगाऊपणा करतो. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट. अमेरिकेतून आलेला हा माणूस त्याआधी दहाएक वर्षं नागपाड्याच्या वस्तीत काम करत होता. म्हणजे आधी मोहल्ला, मग अभ्यासक्रम. आता उलटं सोयीचं पडतं. समितीच्या बैठकीत चिखल नसतो.

आणि आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथांना बंदी घालणारा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनीही तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठरावाला सूचक होते, अनुमोदक होते. संदर्भसूची तेवढी राहून गेली.

तर विनंत्या. पोरांना भेटीला नको, मुक्कामाला पाठवा. लावणीचा एक हंगाम तरी. इरली आम्ही देऊ. तोंडी परीक्षेला एखादी आशाताई परीक्षक म्हणून बसवा. 'व्यक्तिसहाय्य कार्य' तिला पुस्तकाशिवाय येतं, शिवाय कमी मानधनाची सवयही आहे. आमच्याकडची एखादी मुलगी प्रवेशाला आली, तर तिला खेड्यातल्या दारिद्र्यावरच्या इंग्रजी उताऱ्यात अडकवू नका. त्या उताऱ्यातूनच ती एसटी बदलत आलेली असते.

आणि पुढचा अहवाल छापण्याआधी मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवा. संध्याकाळी सातनंतर या, माणसं असतात. चुका सांगू; मार्क कापणार नाही.

आपला,
उत्तरदाता क्रमांक 17
(नाव गोपनीय ठेवण्यात येईल, असे आपणच सांगितले होते.)