श्रीमान ‘संकीर्ण’ कपाट यांस खुले पत्र

स. न. वि. वि.

प्रथम आपले अभिनंदन. वाचनालय वाढते आहे, असे कार्यकारिणी दर वार्षिक सभेत सांगते. नेमके काय वाढते आहे, ते आपल्याकडे पाहिले की कळते. इतिहासाचे कपाट होते तेवढेच आहे, चरित्रांचेही तेवढेच. आपण मात्र एका फळीवरून सुरुवात केलीत आणि आता अख्खी भिंत बळकावलीत.

आपल्या पोटात काय नाही? कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आहे, मधुमेह आहे, शेअर बाजार आहे, मोडी लिपी आहे. नव्या पुस्तकाचा विषय चटकन ठरला नाही की ते आपल्याकडे येते. ठरवण्याचा त्रास वाचतो ग्रंथपालाचा आणि शोधण्याचा पडतो वाचकाला.

परवा एकाला गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ हवे होते. त्यात १८५७ चे बंड, म्हणून गडी इतिहासाकडे गेला. नाही. नावातच प्रवास, म्हणून प्रवासवर्णनांकडे गेला. नाही. भटजी स्वतःचीच हकीकत सांगतात, म्हणून आत्मचरित्रे चाळली. तिथेही नाही. शेवटी ते आपल्याकडे सापडले, घरगुती औषधे आणि आयकर यांच्यामध्ये चेपलेले. वरसईहून निघालेले भटजी झाशीच्या वेढ्यातून सुखरूप परतले, आपल्या तावडीतून मात्र सुटले नाहीत.

आपले घराणे थोर आहे, हे मान्य. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये अमेरिकेत दशांश वर्गीकरण आणले. त्यात धर्माला २०० ते २९९ हे आकडे मिळाले. २२० पासून २८९ पर्यंतची जागा बायबल आणि ख्रिस्ती धर्माने घेतली. हिंदू, बौद्ध, इस्लाम आणि उरलेले सगळे जग २९० मध्ये, ‘इतर धर्म’ म्हणून. एवढे दाटीवाटीने कोंबणे आपल्यालाही अजून जमलेले नाही. प्रयत्न चालू ठेवा.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. पाचवे सूत्र असे की ग्रंथालय वाढत जाणारच. ते आपण मनावर घेतलेत. त्याच्या आधीचे चौथे वाचकाचा वेळ वाचवायला सांगते. ते कोणी वाचलेले दिसत नाही, कारण ते पुस्तकही बहुधा आपल्याच पोटात असावे.

आता आमचा बेत ऐका. एका विषयाची पंधरा-वीस पुस्तके जमली की ती आपल्याकडून काढून वेगळ्या फळीवर जातील. फळीचे नाव वाचकाच्या तोंडी असेल तेच राहील: ‘स्वयंपाक’, ‘आरोग्य’, ‘पैसा’. ‘उपयोजित गृहविज्ञान’ विचारत कोणी येत नाही. प्रत्येक फळीच्या टोकाला वीतभर जागा मोकळी राहील, म्हणजे उद्या आलेल्या पुस्तकासाठी सगळी रांग हलवावी लागणार नाही. भटजींचे पुस्तक एकाच जागी राहील, पण तालिकेत त्याची नोंद इतिहास, प्रवास आणि आत्मचरित्र अशी तिन्हीकडे होईल. कोणते कपाट कुठे, याचा तक्ता दारातच लागेल. सध्या तो ग्रंथपालांच्या डोक्यात आहे आणि ते दुपारी जेवायला घरी जातात.

आपल्याला आम्ही पुरते बेदखल करणार नाही. खरोखरच कशातच न बसणारी पुस्तके असतात. त्यांच्यासाठी एक फळी राहील आणि दिवाळीपूर्वी दरवर्षी तिची झडती होईल.

हा ठराव कार्यकारिणीपुढे यायचा आहे. विषयपत्रिकेत तो ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात टाकला आहे, म्हणजे तिथेही आपलीच माणसे बसलेली आहेत, हे आम्ही ओळखून आहोत.

कळावे, लोभ थोडा कमी करावा, ही विनंती.

आपला,
एक वर्गणीदार