हॉर्न नसलेली गाडी

मराठी घरात गाडी घ्यायचा विषय निघाला की चौकशीचा क्रम ठरलेला असतो. अ‍ॅव्हरेज किती देते, डिकीत सामान किती मावतं, सर्व्हिसिंगला लांब जावं लागतं का आणि सर्वांत शेवटी, कोणीच तोंडाने न विचारलेला पण सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न: शेजारच्यांनी घेतली त्यापेक्षा ही वरची ना? गो-कार्ट नावाची गाडी या परीक्षेला बसूच शकत नाही. तिला डिकी नाही. छप्पर, दारं, काचा, वायपर यांतलं काहीही नाही. स्टेपनी नाही, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाहीत, आरसे नाहीत. भाड्याने मिळते तिला गिअरही नसतात. आणि आपल्याला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे, तिला हॉर्न नाही.

इतकं सगळं काढून घेतल्यावर उरतं काय? पोलादी नळ्यांची चौकट, चार बुटकी चाकं, एक इंजिन, एक सीट, स्टिअरिंग आणि दोन पेडल. बूड रस्त्यापासून चार बोटं वर. आणि अर्थात, आत बसलेले तुम्ही. या गाडीची सगळी गंमत आणि सगळी गोची त्या शेवटच्या भागात आहे.

ही गाडी जन्मालाच आली ती उरल्यासुरल्यातून. १९५६ साली दक्षिण कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाचा कारागीर कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात कामाला होता. इंडियानापोलिसच्या मोठ्या शर्यतीत धावणाऱ्या गाड्या तिथे तयार होत. दिवसभर दुसऱ्यांसाठी महागड्या गाड्या घडवणाऱ्या या माणसाने लू बोरेली या मित्राला हाताशी धरून स्वतःपुरती एक गाडी केली. चार नळ्या जोडल्या आणि मागे गवत कापायच्या यंत्रासाठी बनवलेलं वेस्ट बेंडचं छोटं इंजिन बसवलं. पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमचं भलंमोठं पार्किंग हे तिचं पहिलं मैदान. धडधाकट पुरुष गुडघे छातीशी घेऊन तिथे फेऱ्या मारताना दिसू लागले आणि बघणाऱ्यांना वाटलं, आपल्यालाही एक हवी. लवकरच तर या गाड्या विकणारी कंपनीच निघाली. १९५९मध्ये लाकूड कापायच्या यांत्रिक करवती बनवणाऱ्या मॅककलॉकने खास कार्टसाठी इंजिन आणलं. १९६२मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने कार्टिंगसाठी वेगळं मंडळ नेमलं आणि १९६४मध्ये इटलीचा ग्विदो साला पहिला जगज्जेता ठरला. गवताच्या यंत्रापासून जगज्जेतेपदापर्यंत आठ वर्षं. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगचा वाद तेवढ्या अवधीत साक्षीपुराव्यापर्यंतही पोचत नाही.

गाडी साधी आहे याचा अर्थ ती सरळ आहे असा मात्र नाही. आपल्या मोटारीत डिफरन्शियल नावाची एक समजूतदार यंत्रणा असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी. दोघांना आपापल्या गतीने फिरू देऊन ती भांडण मिटवते. कार्टमध्ये हा मध्यस्थ नाही. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली, दोघांनी सारखंच फिरायचं. साहजिकच वळण आलं की ती हटून बसतात आणि गाडी सरळच जाऊ पाहते. यावरचा तोडगा अफलातून आहे: वळताना मागचं आतलं चाक चक्क उचलायचं. स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या तिरप्या बसवणुकीमुळे आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, चौकटीला पीळ बसतो आणि जुन्या बाजेच्या एका कोपऱ्यावर बसलं की दुसऱ्या कोपऱ्याचा पाय उचलावा तसं मागचं चाक अलगद वर येतं. गाडीला स्प्रिंगा नाहीत, कारण चौकट हीच तिची स्प्रिंग. ती फार ताठ केली तरी गाडी बिघडते आणि फार लवचीक केली तरीही.

महाराष्ट्रातल्या आणि देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांमधली मुलं स्पर्धांसाठी कार्ट बांधतात, तेव्हा त्यांची खरी तोंडी परीक्षा या चौकटीवर होते. एरवी लेक्चरला न दिसणारा मुलगा वर्कशॉपमध्ये रात्री दोन वाजता वेल्डिंगचा चष्मा लावून उभा असतो, कारण एक नळी जरा तिरकी लागली की गाडी डावीकडे छान वळते आणि उजवीकडे वळायला नाही म्हणते.

आपली बहुतेकांची ओळख होते ती भाड्याच्या ट्रॅकवर. गोव्यात हडफड्याला किंवा लोणावळ्याला सहलीला गेलेलं कुटुंब ‘बघू तरी’ म्हणून आत शिरतं. आधी एका कागदावर सही करायची, जे काही होईल त्याची जबाबदारी आमची, अशी. मग डोक्यावर पातळ कापडी टोपी आणि तिच्यावर हेल्मेट. हेल्मेटसक्तीच्या विरोधात वर्षानुवर्षं शहाणपणाचे दाखले देणारे पुणेकर इथे पैसे मोजून, दुसऱ्याचं, घामाचं हेल्मेट निमूट चढवतात. ओढणी, स्कार्फ, मोकळे केस घट्ट आत खोचायला लावतात. ही सूचना हसण्यावारी न्यायची नाही, कारण इंजिन आणि फिरता दांडा तुमच्या पाठीशी, हातभर अंतरावर उघडा असू शकतो.

मग एकेकाचा स्वभाव बाहेर पडतो. उजव्या पायाला वेग आणि डाव्या पायाला ब्रेक, इतकाच अभ्यासक्रम. पण आयुष्यभर उजव्या पायानेच दोन्ही कामं केलेल्या माणसाला डावा पाय मोकळा मिळाला की तो तिथेच टेकवून ठेवावासा वाटतो. वेग तर हवा, पण सावधपणाही सुटत नाही, म्हणून दोन्ही पेडल एकदम दाबलेली. इंजिन ओरडतंय, ब्रेक तापतोय, गाडी जागच्या जागी कण्हतेय आणि कडेचा पोरगा दोन्ही हात हलवून सांगतोय, “काका, एकच! एकच!” घरातला जो माणूस सर्वांत जास्त बोलतो तो बहुधा पहिल्या वळणावर टायरांच्या भिंतीला भेटतो. आणि ‘मला नको बाई’ म्हणत बसलेली मामी, दोन फेऱ्या अंदाज घेऊन, तिसऱ्या फेरीपासून एकेकाला मागे टाकत सुटते.

तिला जमतं त्याचं कारण आहे. कार्टिंगमध्ये वेग वाढवायला कोणीही वाढवतो, कमी कधी करायचा हे कळणारा जिंकतो. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच मारायचा. ब्रेक बहुधा मागच्याच दांड्यावर असतो, वळता वळता दाबला की शेपूट पुढे येतं आणि आपण आलो त्या दिशेला तोंड करून थांबतो. वळणात शिरायचं बाहेरच्या कडेने, मध्यावर आतल्या कडेला घासून जायचं आणि निघायचं पुन्हा बाहेरच्या कडेला. नजर गाडीच्या नाकावर नको, जिथे जायचंय तिथे हवी. पहिल्या फेरीत टायर थंड असतात, त्यांना तापायला वेळ द्यायचा. शर्यतीचे टायर तर गुळगुळीतच असतात. रस्त्यावर अशा टायरांवर पोलीसमामा अडवेल, इथे मात्र नक्षी जितकी कमी तितकं जास्त रबर जमिनीला लागतं.

हॉर्नचं काम इथे झेंडे करतात. पिवळा दिसला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक बंद. निळा दिसला की मागून तुमच्यापेक्षा वेगवान कोणीतरी येतंय, वाट द्या. निळ्या झेंड्याचा हा नियम मला फार सुसंस्कृत वाटतो. ‘तू हळू आहेस’ हे एका माणसाने शांतपणे कापड हलवून सांगायचं आणि दुसऱ्याने शिवी न देता बाजूला व्हायचं. हे आपल्या चौकात कधी घडलं, तर त्याची बातमी होईल.

मोठमोठे ड्रायव्हर याच उघड्या गाडीतून पुढे गेले. ब्राझीलच्या आयर्टन सेनाला वडिलांनी लहानपणी दिलेल्या कार्टलाही गवत कापायच्या यंत्राचंच इंजिन होतं. मायकेल शूमाकरच्या वडिलांनी पायाने चालवायच्या मुलाच्या कार्टला मोपेडचं इंजिन लावलं. पुढे ते जर्मनीतल्या केर्पनच्या कार्ट ट्रॅकची देखभाल करत आणि आई तिथलं कँटीन चालवी. तीन वेळा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेल्या सेनाला कार्टिंगचं जगज्जेतेपद मात्र कधीच मिळालं नाही. १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षं तो दुसरा आला. आणि १९९३मध्ये, सगळं काही मिळवून झाल्यावर, सर्वांत समाधान देणारा प्रतिस्पर्धी कोण असं विचारलं, तेव्हा त्याने कोणा फॉर्म्युला वनवाल्याचं नाव घेतलं नाही. टेरी फुलरटन या इंग्लंडच्या जुन्या कार्ट ड्रायव्हरचं घेतलं. तिथे पैसा नव्हता, राजकारण नव्हतं, नुसतं गाडी चालवणं होतं, असं त्याच्या बोलण्याचं सार होतं.

आपल्याकडेही हे वेड आहे. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ साली एका शोधमोहिमेत कार्ट चालवूनच निवडला गेला आणि २०२०मध्ये बहरीनला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. छंद म्हणून हा खेळ काही शे रुपयांत चाखता येतो. स्पर्धेत उतरलं की मात्र इंजिन, टायर, मेकॅनिक, प्रवास मिळून हिशेब लाखांत जातो आणि पोराचं कौतुक करणाऱ्या बापाचा आवाज जरा खाली येतो.

वजनाचा मुद्दाही इथे नाजूक असतो. रेसच्या कार्टचं वजन चालवणाऱ्याच्या आसपासच भरतं, त्यामुळे तुमचे दहा किलो तिला फार कळतात. स्पर्धेत गाडी आणि ड्रायव्हर मिळून किमान वजन ठरलेलं असतं, हलक्या मुलांच्या सीटला शिशाचे तुकडे लावून ते भरून काढतात. भाड्याच्या ट्रॅकवर बहुधा असा न्याय नसतो. तिथे शाळकरी भाचा सुळकन निघून जातो आणि मामा पुढचा आठवडाभर सर्वांना वजन आणि वेगाचं गणित समजावून सांगत राहतो.

त्याला तसं करावं लागतं, कारण शेवटी हातात छापील कागद पडतो. ‘दहा मिनिटांत पोचतो’ म्हणून तासाभराने येणारी आपण माणसं, इथे आपली प्रत्येक फेरी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेली असते. गाड्या सगळ्यांच्या सारख्याच, त्यामुळे कोणाची वरची आणि कोणाची खालची हा प्रश्न निकालात निघालेला. त्या यादीत सर्वांत वर भाचा, खाली मामी, मग इतर आणि तळाशी, घरातली सगळी वाहनं आजवर ज्यांच्या सल्ल्याने घेतली गेली ते थोरले काका. वय, पगार, मान, अनुभव यांतलं काहीही न विचारता, फक्त कसं चालवलं एवढं बघून लावलेली यादी आपल्या घरांना क्वचित मिळते. काका ती एकदा वाचतात, चष्मा पुसून पुन्हा वाचतात आणि काउंटरवरच्या मुलाला विचारतात, “अजून एका राउंडचे किती?”