वायूंचे अंमलदार

रायपुरातील तेलीबांधा तलावाच्या काठाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात, आणि ज्या नगरापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे त्याने हे नाव निःसंकोच धारण करावे, यावरूनच तेथील रहिवाशांच्या महत्त्वाकांक्षेची कल्पना यावी. तेव्हा त्या काठावर उभी हयात काढलेल्या आमच्या मेहुण्यांनी सेवानिवृत्त होताच दोन बिछाने, एक ओटा आणि 5 किलोचा गॅस सिलिंडर सामावणारी कॅरॅव्हॅन बांधून घ्यावी, हे क्रमप्राप्तच होते. पहिला मुक्काम मैनपाटच्या थंडीत करण्याचे ठरले. गाडीला पडदे कोणत्या रंगाचे असावेत हा प्रश्न एका बैठकीत निकालात निघाला; गॅसची सूचना देणारे यंत्र कोठे बसवावे, याचा मात्र निकाल लागेना.

"अहो, धूर वर जातो, तसा गॅसही वरच जाणार," असे म्हणून मेहुण्यांनी छतावर, पंख्याशेजारी खूण केली. प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असलेला आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असून तो वसुलीस आलेल्या सावकाराप्रमाणे जमिनीवरच बैठक मारतो, आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे 2 टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते, सबब त्या यंत्राची नेमणूक जमिनीपासून वीतभर उंचीवर, ओट्याच्या जवळ परंतु फोडणीच्या वाफेच्या हद्दीबाहेर झाली पाहिजे, असे आम्ही निवेदन केले. छताचा बंदोबस्त धुराची सूचना देणाऱ्या यंत्राकडे ठेवावा; त्याचा अधिकार तेथेच चालतो.

यावर आमच्या भगिनी उद्गारल्या, "वास मला आधी येतो. यंत्र कशाला?" गॅसचा तो वास मुळात गॅसचा नव्हेच, त्यात मरकॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडन येथे 18 मार्च 1937 रोजी शाळेच्या इमारतीखाली साचलेल्या निर्गंध वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जीव गेले, तेव्हा कोठे तेथील सरकारने गॅसला दुर्गंध देण्याचा कायदा केला.

कार्बन मोनॉक्साइडला मात्र कोणी असा दुर्गंध दिलेला नाही. रंग नाही, वास नाही, वजन जवळजवळ हवेइतके. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचे सख्य प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक. मेहुण्यांचा बेत तर बंद गाडीत निखाऱ्यांची गोरसी घेऊन झोपण्याचा होता! ती गोरसी आम्ही प्रथम जप्त केली. मग या वायूसाठी स्वतंत्र यंत्र घेऊन ते उशाच्या उंचीवर, खिडकीच्या झोतापासून आणि पडद्याच्या आडोशापासून दूर बसवावे, असा आग्रह धरला. इंग्लंडातील खाणकामगार याच कामासाठी हाल्डेन नामक शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून कॅनरी पक्षी बाळगत आणि ती प्रथा 1986 पर्यंत चालली, ही माहिती आम्ही केवळ ज्ञानवृद्धीसाठी दिली, तोच मेहुणे आनंदाने म्हणाले, "मग आपण पहाडी मैना नेऊ. आपल्या राज्याचा पक्षीच आहे तो!" वनखात्याचे अंमलदार कोणत्याही वायूपेक्षा त्वरेने गाडीत शिरतील, हे त्यांना समजावून सांगताना चहा दोनदा झाला.

अखेर तिन्ही यंत्रे आपापल्या जागी रुजू झाली. पैकी खालचे यंत्र मेहुण्यांच्या सुगंधी फवाऱ्यावर आक्रोश करते, म्हणून ते बंद करण्याचा विचार घरात बोलला जातो. आमचे मत विचाराल तर बंद करावयाचा तो फवारा.

वाचकांपैकी कोणी असा प्रवास योजीत असल्यास त्यांनी हवेचे झरोके थंडीच्या निमित्ताने बुजवू नयेत, चाचणीच्या बटणावर निर्धास्त राहू नये, कारण त्याने बहुधा भोंगा आणि वीज यांचीच हजेरी लागते, आणि यंत्र विकत घेताना त्याच्या पाठीवरची मुदत आधी वाचावी; आतला संवेदक साधारणतः 5 ते 10 वर्षांत निकामी होतो.