फक्त दोन शब्द

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले, जलंब-खामगाव रेल्वे फाट्याचे उद्घाटन केले आणि कापसाविषयी बोलले. फाटा जेमतेम १३ किलोमीटरचा. आजच्या एखाद्या अध्यक्षीय समारोपात गाडी सहज दोन फेऱ्या मारून येईल.

खामगाव हे पारख करणारे गाव. इथली चांदी शुद्धतेसाठी नावाजलेली. कापसातही ओलावा जास्त निघाला की व्यापारी भाव पाडतो. व्यासपीठावर मात्र पाणी मारलेला माल बिनदिक्कत खपतो.

‘मी फक्त दोन शब्द बोलतो’ हे पहिलेच वाक्य खोटे. मग पाऊण तास मान्यवरांचा नामोल्लेख, कुणाचा तरी शेर स्वतःच्या नावावर, एखादा आकडा सोयीने फुगवलेला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंग्याला लगाम घातला, आवाज डेसिबलमध्ये मोजला. थापा मोजायचे यंत्र त्यांत नाही.

वक्तृत्व स्पर्धेत शाळकरी पोराला वेळ संपताच घंटा वाजवून खाली बसवतात. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे मग घड्याळाकडे पाठ करून तासभर वेळेचे महत्त्व सांगतात. मंडपवाल्याने तोवर मागच्या खुर्च्या एकात एक रचायला घेतलेल्या असतात.