दोरेवाले नाना

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत घराआड एक मूल अमेरिकेत आहे आणि सगळ्यांत मिळून एक नाना आहेत. कुणाचाही मुलगा निघाला, की विमान कुठवर आलं हे त्याच्या आईआधी नानांना कळतं. त्यांना “पोहोचला का हो?” एवढंच विचारून भागत नाही. “पोहोचला म्हणजे? चाकं टेकली, की दार उघडलं?” तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पुन्हा जागेवर थांबलं की संपतो, हवेतला वेळ निराळा. एवढं ज्याला ठाऊक नाही त्याने मुलं परदेशी धाडूच नयेत, असं नानांचं स्पष्ट मत आहे.

त्यांच्या दिवाणखान्यात एक पृथ्वीगोल आहे. त्यावर मुंबई ते न्यूअर्क असा दोरा ताणलेला. पाहुण्याला चहा मिळतो तो या दोऱ्यानंतर. “अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जात असेल ना?” असं पाहुणा हमखास म्हणतो आणि नाना याचीच वाट पाहत असतात. दोरा वर चढतो, रशिया, नॉर्वे, आइसलँड करत पलीकडे उतरतो. “साडेबारा हजार किलोमीटर! सपाट नकाशावर पट्टी ठेवणाऱ्यांना हे जन्मात कळायचं नाही.” एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा सोसायटीत युद्धाची चर्चा चालली होती. नाना हळहळले ते दोऱ्याला पोक आलं म्हणून. वळणापाशी त्यांनी टाचणी खोचली. गोल पुसताना ती काकूंच्या बोटात गेली, पण मार्ग अचूक राहिला.

हे सगळं विमानतळाच्या पलीकडचं. अलीकडे पुणे-मुंबई आहे, दीडशे किलोमीटर.

“मुलाला आणायला किती वाजता निघायचं?” काकू विचारतात. नाना गप्प होतात. हवेत वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून अमेरिकेहून येताना तासभर तरी वाचतो, हे ते झोपेतही सांगतील. पण खंडाळ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला असेल तर? वाशीच्या पुलावर गर्दी असेल तर? रात्री दोनला उतरणाऱ्या विमानासाठी नाना दुपारच्या ताटावरून उठतात आणि संध्याकाळपासून विमानतळावर डास मारत बसतात. तिथंही शेजारच्या अनोळखी माणसाला दोरा समजावून होतो. गोल नसतो, म्हणून त्याच्याच टकलाकडे बोट दाखवून.

मागे, ते आकाश खुलं होतं तेव्हा, तिसऱ्या मजल्यावरची मुलगी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला गेली. एअर इंडियाने २०१६ मध्ये ही फेरी अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, ते नानांना जणू घरचं कार्य वाटलं होतं. अंतर वाढलं, पंधरा हजार किलोमीटरच्या वर गेलं, तरी पाठीवर वारा घेतल्यामुळे वेळ दोनेक तासांनी कमी झाला! आणि तेव्हा परतणं अटलांटिकवरून होतं, म्हणजे तेही पूर्वेकडेच. नाना जिन्यातच थांबून मुलीच्या आईला सांगत होते, “जाऊन येऊन पृथ्वीप्रदक्षिणा होते हो पोरीची!”

“गणपतीने आईबापांभोवती घातली होती,” काकू वरून म्हणाल्या. “घरातल्या घरात.”

नानांनी क्षणभर विचार केला. “ते अंतर कुठून कुठवर धरायचं पण?”