जागा ठाऊक असलेला माणूस

पुण्यातल्या कोणत्याही सोसायटीत, कोणत्याही कचेरीत आणि दुचाकी दुरुस्तीच्या बहुतेक गॅरेजांत एक तरी गृहस्थ असा असतो, की ज्याला नदीवरची ‘एक जागा’ ठाऊक असते. हा हौशी गळवाला. पोटासाठी जाळे टाकणारा भोई वेगळा आणि हा वेगळा. भोई नदीवर मासे धरायला जातो. गळवाला नदीवर जागा शोधायला जातो आणि शोधून दमला, की तिथेच बसून गळ टाकतो.

या जातीच्या वाढीला पुण्याचा भूगोल फार मानवतो. मुळा आणि मुठा यांचा संगम ऐन शहरात आहे. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. इंद्रायणी पश्चिमेकडून येऊन तुळापूरला भीमेत शिरते आणि मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसला त्याच भीमेला मिळते. पश्चिमेला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळशी आणि पवना अशी धरणांची ओळच आहे. रविवारी पहाटे निघालेल्या माणसाला दुपारपर्यंत तीन नद्यांवर रिकाम्या हाताने बसता येईल, अशी सोय फार थोड्या शहरांत आहे.

या नद्यांची कीर्ती जुनी आहे. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यातले खुद्री महाशीर आणि शिंगाळा हे मासे मुळा-मुठेतलेच. गळवाल्याने साईक्सचे नाव ऐकलेले नसते, पण पूर्वी इथे केवढाले मासे होते, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसते. साईक्सनंतर या पाण्यात तेवढा मासा पाहिलेला माणूस तो एकटाच. तो मासा काठाशी येऊन गळाचा तंगूस तोडून गेला, म्हणून शास्त्रात त्याची नोंद नाही.

गळवाल्याचे साहित्य त्याच्या पगाराप्रमाणे बदलते. नवखा बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा आणि तरंगा म्हणून थर्माकोलची चकती एवढ्यावर भागवतो. मुरलेला फायबरचा रॉड आणि रील बाळगतो, मात्र तरंगा मोरपिसाच्या काडीचाच लावतो आणि त्याला दुसरा पर्याय नाही असे सांगतो. आमिषाचे दोन पंथ आहेत. गांडूळपंथी माणूस नर्सरीच्या मागच्या ओल्या मातीत उकरतो आणि गांडुळे जुन्या श्रीखंडाच्या डब्यात मातीसकट ठेवतो. तो डबा फ्रिजमध्ये ठेवण्यावरून प्रत्येक घरात एकदाच भांडण होते आणि तेवढे पुरते. कणीकपंथी माणूस कणकेत शेंगदाण्याची पेंड, हिंग, ठेचलेला लसूण आणि बडीशेपेची पूड मळतो. प्रमाण कोणाला सांगत नाही. हा गोळा कटला आणि रोहूसाठी असतो; तो बहुधा कुरतडतात बोटाएवढे मासे, आणि गळ धुतल्यासारखा स्वच्छ होऊन वर येतो.

जागेविषयीचे त्याचे ज्ञान मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नाही. नदी वळते तिथे बाहेरच्या कडेला प्रवाह काठ पोखरतो, म्हणून पाणी खोल असते. आतल्या कडेला वाळू आणि गाळ साचून उथळ होते. मोठा मासा दिवसा बाहेरच्या कडेला राहतो, हे त्याला न शिकता कळते. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते आणि वर चढू पाहणारा मासा तिथे अडून राहतो, म्हणून बंधाऱ्याखालचा डोह चांगला. धावते पाणी आणि थांबलेले पाणी जिथे एकमेकांना घासते, त्या भोवऱ्याच्या कडेला मासा कष्ट न करता उभा राहतो आणि वाहत येणारे खाद्य टिपतो. काठावर उंबर वाकलेला असेल, तर फळे पडण्याच्या दिवसांत त्याखाली गळ टाकावा. खंड्या एकाच फांदीवर परत परत येऊन बसत असेल, तर खाली बारीक मासा आहे आणि बारीक मासा आहे तिथे त्याला खाणारा मरळ किंवा शिवडाही असण्याचा संभव आहे. उन्हाळ्यात पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून पहाट आणि तिन्हीसांज याच खऱ्या वेळा. हे सगळे बरोबर आहे. एवढे बरोबर असूनही पिशवी रिकामी राहते, तेव्हा वारा पूर्वेचा होता.

नवी जागा शोधण्याचे काम आठवडाभर चालते. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडतो आणि नदीचे एकेक वळण दोन बोटांनी मोठे करून पाहतो. नदीवर हिरवे दिसले तर ते शेवाळ नव्हे, जलपर्णी, हे पहिल्या वर्षी फसल्यावर कळते. पायवाट दिसली, की कुणी तरी उतरते, काळा ठिपका दिसला, की खडक, खडकामागे डोह. रविवारी प्रत्यक्ष गेल्यावर त्या पायवाटेच्या तोंडाशी नवे कुंपण आणि ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी निघते.

मग चौकशी. पहिला साक्षीदार भोई. ‘मामा, हितं लागतंय का?’ असे शहरी गळवाला ग्रामीण होऊन विचारतो. ‘कुटलं काय साहेब. सकाळधरनं बसलोय, चिलापी बी नाय,’ असे मामा सांगतात. त्यांच्या पायाशी, काठाच्या दगडाला बांधलेले ओले पोते पाण्यात अर्धे बुडालेले असते आणि हे बोलणे चालू असताना ते मधूनच एका बाजूने उचलले जाते. मामा पोत्याकडे पाहत नाहीत. गळवालाही सभ्यतेने पाहत नाही. जागा चांगली आहे, हे दोघांनाही कळलेले असते. दुसरा साक्षीदार शेळ्या राखणारा पोरगा. त्याला नदीतले काहीच नको असल्यामुळे तो एकटाच खरे बोलतो. तिसरा साक्षीदार म्हणजे दुसरा गळवाला. त्याची साक्ष ग्राह्य धरत नाहीत.

जागा सापडली, की ती लपवण्याचे शास्त्र सुरू होते. ‘कुठे बसता?’ या प्रश्नाला गळवाला खोटे उत्तर देत नाही, मोठे देतो. ‘मुळशी रोडला’, ‘पौडच्या अलीकडे’, ‘भीमेवर’. भीमा पंढरपूरच्याही पुढे जाते, ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या उशिरा लक्षात येते. फोटोच्या बाबतीत तर तो फारच सावध. मागे दिसणारा पूल, देवळाचा कळस किंवा विजेचा मनोरा यांवरून जाणते लोक जागा ओळखतात, म्हणून तो मासा घरी आणून भिंतीसमोर धरतो. त्याचे आजवरचे सगळे विक्रमी मासे सोसायटीच्या पार्किंगमध्ये धरल्यासारखे दिसतात ते यामुळे.

गळवाल्यांच्या जागा वर्षांच्या क्रमाने मांडल्या, तर शहराच्या वाढीचा नकाशा तयार होतो. जुने लोक संगमावर आणि बंडगार्डनच्या बंधाऱ्याखाली बसत. मग मुळेवर औंधकडे सरकले. पवनेवर रावेतपर्यंत गेले. तिथे पिंपरी-चिंचवडसाठी पाणी उचलतात, त्यामुळे बंधाऱ्याच्या वर पाणी आणि खाली उरलेसुरले, असा उघड भेद आहे. पुढे गहुंजे, पुढे थेट पवनानगर. मुठेवर विठ्ठलवाडी सुटली, शिवणे सुटले. खडकवासल्याचे पाणी नळाला आणि कालव्याला जाते, त्यामुळे पावसाळा सोडला तर खालच्या पात्रात मुख्यतः शहराचेच पाणी वाहते. त्यात महाशीर राहत नाही. राहतात ते कमी प्राणवायूत तग धरणारे: पालनाला बंदी असलेला परदेशी मांगूर आणि चिलापी. चिलापी भारतात आणली गेली १९५२ साली. ती कुठेही जगते, काहीही खाते आणि तिची मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते. त्या काळात ती खाणे सोडते आणि गळाला लागत नाही. वर्षाचे बाराही महिने गळवाला आपल्या अपयशाचे हे कारण देऊ शकतो.

शहराला कंटाळलेला गळवाला शेवटी सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर जाऊन भिगवणला पोचतो. उजनी धरणाचा फुगवटा तिथवर येतो. क्षितिजापर्यंत पाणी, रोहित पक्ष्यांचे थवे, काठावर होड्या. तो छाती भरून श्वास घेतो आणि ‘इथे पुण्याची घाण नाही’ असे म्हणतो. वस्तुस्थिती अशी, की मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनीला मिळत असल्यामुळे त्याने घरी सोडलेले पाणीही त्याच वाटेला लागलेले असते. त्या पाण्याला डिझेल लागत नाही, एवढाच फरक.

जागेला मालक असतात, ही गळवाल्याला न आवडणारी बाब. धरणे आणि तलावांतली मासेमारी बहुधा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेली असते. त्यांनी बीज सोडलेले असते आणि राखण्या ठेवलेला असतो. राखणदार आला, की गळवाला आपण मासे धरत नसून निसर्ग पाहत आहोत असे सांगतो. हातात रॉड असताना हे सांगणे अवघड, पण अनुभवाने जमते. देहू-आळंदीला मात्र तो काठी गाडीतच ठेवतो. तिथल्या डोहातले मासे देवाचे. त्यांना चुरमुरे घालायचे, गळ नव्हे. वीत-दीड वीत अंतरावर येऊन ते मासे चुरमुरे खातात, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते भाविक लोक भक्ती समजतात.

पावसाळ्यात त्याची वृत्ती बदलते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यापासून पुणेकर धरणाच्या विसर्गाचे आकडे कान देऊन ऐकतो. इतरांना पात्रातला भिडे पूल बुडाला का, एवढेच हवे असते. गळवाल्याला विसर्ग कधी थांबणार ते हवे असते, कारण पाणी ओसरताना पात्रातल्या खळग्यांत मासा अडकून राहतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे तो पाठ म्हणून दाखवतो आणि हजारो क्युसेक चालू असताना शेवाळलेल्या खडकावर उभा राहतो. धरणाचा भोंगा वाजला, की सामान आवरून वर यायचे असते. ‘हा शेवटचा’ म्हणून गळ टाकण्याची चाल या जातीत आहे आणि दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या बातम्यांत तिचाही वाटा असतो. पहिल्या पुराबरोबर अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध निघालेले चढणीचे मासे धरू नयेत, हे तत्त्व सगळ्या गळवाल्यांना मान्य आहे. गाभोळी तळून ताटात आल्यावर ते कोणाला आठवत नाही.

गळवाला परतताना बाजारातून मासा विकत घेऊन घरी नेतो, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगतात. ती खरी नाही. गणेश पेठेच्या बाजारातला मासा साफ करून मिळतो. नदीचा मासा घरी साफ करावा लागतो, त्याचे खवले बेसिनच्या जाळीत, ओट्याच्या फटीत आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या गाळणीत सापडतात. हा फरक घरच्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नाही. शिवाय नदीच्या चिलापीला चिखलाचा वास येतो. तो हळद, लिंबू आणि मीठ लावून तासभर ठेवल्याने जातो असे गळवाला म्हणतो, आणि आणखी रवा लावा असे घरचे म्हणतात. घरात कोणी मासे खाणारे नसेल, तर मासा वॉचमनकडे जातो. अशा सोसायटीत वॉचमन टिकतो.

राहिला जागेचा शेवट. चांगली जागा पूर, गाळ किंवा धरण यांमुळे क्वचितच बुडते. ती सांगण्यामुळे बुडते. न सांगितलेल्या जागेचे कौतुक कोणी करत नाही आणि कौतुकावाचून गळवाला फार दिवस राहू शकत नाही. म्हणून एके दिवशी तो एकाच, अगदी विश्वासातल्या मित्राला शपथ घालून तिथे नेतो. मित्र शपथ पाळतो आणि फक्त मेव्हण्याला सांगतो. मेव्हण्याच्या कारखान्यात तीन पाळ्या असतात. दिवाळीपर्यंत त्या वळणावर सात दुचाक्या उभ्या राहतात, उंबराखाली वडापावचे कागद पडतात, खंड्या फांदी बदलतो आणि भोईमामा आपले पोते उचलून पलीकडच्या काठाला जातात. पुढच्या वर्षी तिथे नदीकाठच्या जेवणाच्या हॉटेलाचा फलक लागतो. त्यावर गळवाला ‘पाणी बदललं’ एवढाच शेरा मारतो आणि वरच्या अंगाचा बंधारा नकाशावर शोधू लागतो. आपली जागा अखेरपर्यंत कोणालाही न सांगणारे गळवालेही असावेत. त्यांची नोंद झालेली नाही, कारण ते सापडलेले नाहीत.